दोन एकरांची सवत

बाईला सवत असते. पुरुषावर तशी वेळ आली तर समोरच्याला काय म्हणायचं, याला आपल्याकडं शब्दच नाही. म्हणून मी सवतच म्हणतो. माझी सवत दोन एकरांची आहे. धारूरच्या घाटाखाली, मुरमाड, एका अंगाला उतरती. माझ्याच आजोबांनी दगड वेचून वेचून तिला पिकात आणली, सातबाऱ्यावर नाव माझंच आहे, आणि माझीच बायको तिच्यापायी मला विसरली. हसायचं तर खुशाल हसा. मला लई राग येतो आणि या वयात तो लपवायची गरज वाटत नाही.

मी आरोग्य खात्यात होतो. गावोगाव फिरायचो. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा आणि काच तपासायला पाठवायची. लोक मला मलेरियावाला म्हणायचे. सगळी नोकरी त्यात गेली आणि त्या नोकरीनं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली. काचेवर दिसलं तर आजार, नाही दिसलं तर माणसाची थेरं. कुणी म्हणायचं, साहेब, जीव घाबरा होतो, हातपाय गळून जातात. मी काच पाठवायचो. साफ आली की सांगायचो, काही झालेलं नाही, जा कामाला लाग.

रिटायर झालो तेव्हा धारूरात दोन खोल्यांचं घर होतं. मुलगी लातूरला दिलेली, मुलगा पुण्यात कंपनीत. मला वाटलं, आता खरा संसार सुरू होणार. नोकरीत हिच्याजवळ निवांत कधी बसलोच नव्हतो. सकाळी दोघांनी चहा घ्यायचा, मी पेपर वाचून दाखवायचा, दुपारी डुलकी, संध्याकाळी विहारापर्यंत चक्कर. सगळा बेत मी मनात ठरवून ठेवला होता. आणि बाई आजारी पडली.

तिच्या छातीत धडधड व्हायची. बसल्या बसल्या हात गार पडायचे. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा, गिळवत नव्हता. मी माझ्या सवयीनं सगळं तपासून घेतलं. रक्त, लघवी, थायरॉईड, छातीची पट्टी, पोटाची सोनोग्राफी. सगळं साफ. मी म्हणालो, बघ, काही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी भाकरीसुद्धा सोडली. मग मुलीच्या हट्टानं तिला बीडला एका डॉक्टरबाईकडं नेलं. वयानं माझ्या मुलीएवढी असेल. तिनं कागद चाळले, बाजूला ठेवले आणि मला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसा.

मी बाहेर बसलो. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पण तो आवाज माझ्या बायकोचा होता आणि ती बोलत होती. सलग, न थांबता. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एवढं एका दमात बोललेली मला आठवेना. एका परक्या पोरीला ही काय सांगते आहे, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी बसलेला माणूस मला त्याच्या मुतखड्याची हकिकत सांगत होता, त्याच्यावर उगाच खेकसलो.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरबाईनं थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, दुखणं मनातून शरीरात उतरलंय, यांना जिथं बरं वाटतं तिथं जाऊ द्या. मी म्हणालो, घरात बरंच आहे की सगळं. तेव्हा माझी बायको पायाकडं बघत म्हणाली, मला रानात जाऊ द्या.

रान तेव्हा बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलेलं होतं. बटईवाला तिथं कापूस लावायचा आणि मिळेल ते औषध मारायचा. औषध मारण्याबद्दल मला काही वाटायचं नाही, मी स्वतः घराघरांत फवारे मारत फिरलेला माणूस. पहिल्या दिवशी मीच हिला घेऊन गेलो. ती खाली बसली, मातीचं ढेकूळ हातात घेतलं, फोडलं, नाकाजवळ नेलं. मला म्हणाली, "ही माझ्यासारखीच झालीय. वरून सगळं ठीक दिसतंय, आत जीव न्हाई." मी म्हटलं, मातीला कसला जीव. हंगाम संपल्यावर बटई मोडली आणि बाई रोज सकाळच्या काळी-पिवळी जीपनं रानात जायला लागली.

पुढं जे झालं ते खरं आहे, म्हणून सांगतो. नाहीतर मला सांगायची हौस नाही. ती बरी झाली. आधी झोप आली, मग भूक. संध्याकाळी जीपमधून उतरायची, अंगाला शेणाचा आणि गोमूत्राचा वास, आणि येऊन दोन भाकरी ठेच्याबरोबर खायची. गोळ्या संपल्या, परत आणल्या नाहीत. हात गार पडायचे थांबले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. लोक म्हणायचे, वहिनी किती टवटवीत दिसतात. मी मान हलवायचो आणि आतून करपायचो. एवढे तपास मी केले, एवढे पैसे मी घातले, हिला घेऊन मी हिंडलो, आणि यश कुणाला? उतरणीच्या मुरमाड दोन एकरांना.

मग तो ड्रम आला. निळा, प्लास्टिकचा. त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून जीवामृत करायचं. ते रोज काठीनं ढवळावं लागतं. सणासुदीला मी म्हणायचो, आज राहू दे की. ती म्हणायची, ढवळलं न्हाई तर बिघडंल. मी बिघडलो तर चालेल, ड्रम बिघडता कामा नये. एकदा मुलाचा फोन आला होता, नातवाला ताप होता, तेव्हासुद्धा बोलणं संपल्यावर बाईनं पहिलं काय विचारलं तर, वारं सुटलंय, ड्रमावरचं पोतं उडालं नसंल ना?

कापूस गेला. ज्वारीत करडईच्या ओळी आल्या, हरभरा, जवस, बांधाला तूर, पावसाळ्यात मूग आणि कारळ. काढणीनंतर कडबा, काडीकचरा ती मातीवर पसरून ठेवायची. का, तर मातीला ऊन लागतं. मी दुपारी पत्र्याच्या घरात एकटा भाजत बसलोय त्याचं काही नाही, मातीला मात्र पांघरूण. पहिल्या वर्षी रानात काही धड पिकलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाटलं, आता हिचा उत्साह उतरेल. दुसऱ्या वर्षी पाऊस मध्येच दडी मारून बसला, आजूबाजूचं रान माना टाकून उभं, आणि हिच्या पांघरुणाखाली ओल धरून राहिलेली. लोक बांध ओलांडून बघायला यायला लागले. गावातल्या बायांचा बचत गट होता, त्यांनी हिला पुढं केलं. देशी बी राखायचं, ते एकमेकींना द्यायचं, सुगी झाल्यावर सव्वापट परत घ्यायचं, असं त्यांचं ठरलं. मडक्यात राख घालून बी ठेवायचं हिनंच शिकवलं. आता प्रत्येक गोष्टीत वहिनीला विचारा, वहिनीला विचारा.

आणि ती पुढचं बोलायला लागली. पुढचं म्हणजे किती पुढचं? तिनं बांधावर चिंचा लावल्या. बियांपासूनच्या चिंचा. मी विचारलं, फळ कधी येणार? म्हणाली, नातवंडं खातील. दहा वर्षांनी ह्या तुकड्यात काय असेल, वीस वर्षांनी उतरणीची माती कशी थांबलेली असेल, ते ती बोटानं दाखवायची. आणि मी विचारलं, दिवाळीला लातूरला जायचं का, की म्हणायची, बघू. जमिनीबरोबर वीस वर्षांचा बेत आणि माझ्याबरोबर बघू.

एकदा बाहेरगावची माणसं तिचं रान बघायला आली, त्यांनी मोबाईलवर तिचं शूटिंग केलं. ते मला शेजाऱ्यानं दाखवलं. माझी बायको कॅमेऱ्याकडं बघून हसत होती आणि सांगत होती की, गाव सोडून आम्ही धारूरच्या घरात राहायला गेलो त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. मी त्या दिवशी पेढे वाटत होतो. शेजारी म्हणाला, वहिनी छान बोलतात. मी त्याला म्हणालो, बोलतात खऱ्या.

त्याच आठवड्यात माझा उजवा खांदा धरला.

सकाळी हिनं डबा भरला, पदर खोचला, जीपचा हॉर्न वाजला, आणि मी शर्ट घालायला हात वर केला तर हात छातीच्या वर जाईना. कळ अशी, की डोळ्यांपुढं अंधारी. तिनं थांबून बटणं लावून दिली, तेल चोळलं, दुसरी जीप धरून गेली. दिवसभर मी डाव्या हातानं खाल्लं. संध्याकाळी ती आली तेव्हा हात जरा सैल झाला. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला, पुन्हा तेच. मी नाटक करत नव्हतो. हे मी कुणासमोरही सांगायला तयार आहे. नाटक करणाऱ्या माणसाला घाम फुटत नाही. खांद्याचा फोटो काढला, साखर तपासली. सगळं साफ. मी फोटो उजेडाकडं धरून पुन्हा पुन्हा बघितला, की कुठं काही डाग, काही चीर. आयुष्यात पहिल्यांदा मला आजार दिसावा असं वाटत होतं.

शेवटी गेलो त्याच डॉक्टरबाईकडं. तिनं खांदा फिरवून बघितला. कधी दुखतं, विचारलं. मी म्हणालो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिनं विचारलं, त्या वेळात काकू कुठं असतात? मी म्हणालो, त्याचा इथं काय संबंध, ती रानात असते. तिनं पेन खाली ठेवलं. मग मला तिडीक आली. मी विचारलं, म्हणजे मी ढोंग करतोय?

"ढोंग नाही, काका," ती म्हणाली. "दुखतंय ते खरंच दुखतंय. खांदा ठीक आहे, एवढंच."

घरी आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या? मला वाटलं, आता ही बोलणार. आता ही माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकणार, बघा, काही नाही. आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार. मी भिंतीकडं बघून सांगितलं, सगळं साफ आहे म्हणते.

ती माझ्यामागं बसली. कोमट तेल घेऊन खांदा चोळायला लागली. मग म्हणाली, "साफ असलं तरी दुखतं. मला ठावं हाय. तवा मी डॉक्टरबाईला फिरून फिरून एवढंच सांगितलं हुतं, की माझं दुखणं घरात कुणाला खरं वाटत न्हाई."

एवढंच. इतके दिवस मी त्या दवाखान्यातल्या बंद दाराचा हेवा करत होतो, आणि दारामागं हे होतं. मी मागं वळून बघितलं नाही. तिचा अंगठा खांद्याच्या हाडापाशी फिरत होता. ती म्हणाली, उद्यापासून मी जात न्हाई, तुमचा हात बरा होईस्तवर मी घरीच राहते. ड्रम गटातल्या बायांकडं देते.

माझ्या मनात काय आलं ते सांगू? जिंकलो, असं आलं. ती जे बोलली ते कानात होतं, तरी हेच आलं.

तिनं ड्रम दिला, बियांची मडकी दिली, पांघरूण कसं टाकायचं ते फोनवर सांगत राहिली, मग फोनही कमी झाले. आम्ही सकाळचा चहा दोघं घ्यायला लागलो. मी पेपर वाचून दाखवायचो. ती ऐकायची. माझा बेत होता तसा सगळा बेत. आणि माझा खांदा सुटला. आठवडाभरात हात डोक्यापर्यंत गेला. एका सकाळी मी बोलता बोलता वरच्या फळीवरचा शेंगदाण्यांचा डबा काढला, उजव्या हातानं, झटक्यात. काढल्यावर माझ्या ध्यानात आलं. मागं बघितलं तर ती दारात उभी. तिनं डब्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं आणि शेंगदाणे भाजायला घेतले. जाते म्हणाली नाही. हात बरा झाला तर, असंसुद्धा म्हणाली नाही.

ती म्हणाली असती तर मी भांडलो असतो. भांडायची तयारी होती माझी. पण तिची भाकरी पुन्हा अर्ध्यावर आली. चहाचा कप तसाच गार व्हायचा. एका दुपारी ती सुपात डाळ घेऊन खडे वेचत बसली होती आणि मध्येच हात थांबवून बसून राहिली. मी जवळ गेलो, तिचं मनगट धरलं. बोटाला सुई टोचायला माणसांची मनगटं धरण्यात माझा जन्म गेला. ती नाडी धावत होती. बसलेली बाई, सावलीत, हातात डाळ, आणि नाडी कुणीतरी पाठीमागं लागल्यासारखी. हात गार. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि म्हणाली, काही न्हाई, साफ हाय सगळं.

ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हणूनच ते माझ्या जिव्हारी लागलं. तपासायला पाठवावं असं काही नव्हतं त्यात. काचेवर काही येणार नव्हतं. माझ्या बोटांना लागलं ते मला खरं मानायचं होतं, नाहीतर ही बाई माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या चहाच्या कपाशेजारी वाळून जाणार होती.

वेळ अमावस्या आली. आमच्या भागात या दिवशी गाव रिकामं होतं, सगळे रानात जेवतात. कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी करतात, आंबील पितात, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खातात, पिकात आंबील शिंपडतात. आमच्या समाजानं पूजा सोडली, आंबील सोडली नाही. गटातल्या बायांचा निरोप आला की, तुम्हाला जमणार न्हाई, तर आमीच संध्याकाळी घरी जेवण घेऊन येतो. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. मी म्हणालो, घरी कशाला, आपणच जाऊ. ती माझ्याकडं बघतच राहिली.

जीप घाटातून उतरायला लागली तेव्हाच खांद्यात पहिली कळ आली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. रान आलं, आणि बाया तिच्याकडं पळत आल्या. तिला मध्ये घेतलं, कुणी तिचा हात धरला, कुणी तिचं तोंड बघून डोळ्यांत पाणी आणलं. मला कोपीत बसवलं, गाडग्यातली आंबील हातात दिली आणि विसरून गेल्या. ज्वारी डोक्याएवढी झालेली. माझी बायको तिच्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता. आधी बारीक, मग मोठा. ती ज्वारीच्या ताटांशी बोलत होती, बायांशी बोलत होती, करडईला काटे आले का बघा म्हणत होती, आणि मग हसली. घरात गेले किती दिवस मी त्या हसण्याची वाट बघत होतो. ते हसू तिनं तिथं, त्या मुरमाड चेटकिणीला दिलं. खांदा असा आवळून आला की गाडगं डाव्या हातात घ्यावं लागलं.

ती बाहेर आली तेव्हा केसांत ज्वारीचा फुलोरा अडकलेला होता. गालांवर रंग होता. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळूच विचारलं, "हात कसा हाय?"

मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं, मी दुखतोय म्हणालो तर ती उठेल, आंबीलीचं गाडगं पालथं घालेल आणि माझ्याबरोबर जीपमध्ये बसेल. एका शब्दाचं काम होतं. ती माझी झाली असती.

मी गाडगं खाली ठेवलं आणि उजवा हात वर केला. शाळेत हजेरीला पोरं करतात तसा, सरळ, कोपीच्या कडब्याला बोटं लागेपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं ते मी आवरू शकलो नाही. म्हणालो, बघ, काही नाही.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझं मनगट धरलं आणि लहान पोराला उतरवावं तसा तो हात हळूहळू खाली आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी मनगट धरतो तसंच तिनं धरलं होतं. म्हणाली, "खरंय, लई दुखतोय." आणि थोड्या वेळानं, "उद्या डबा दोघांचा करू का?"

दोघांचा म्हणायला माझी जीभ शिवशिवली. पण मी तिथं बसून राहिलो असतो तर ती सारखी माझ्या खांद्याकडं बघत राहिली असती, हे मला कळत होतं. मी म्हणालो, तुझा एकटीचाच कर.

आता ती रोज जाते. चिंचा गुडघ्याएवढ्या झाल्यात. माझा राग गेलेला नाही, आणि खांदाही. सकाळी हॉर्न वाजला की हात खाली जातो आणि खालीच राहतो. आत्ता ऊन भिंतीवरून उतरलंय. अजून जीप आलेली नाही, म्हणून हे डाव्या हातानं लिहितोय.